सिम फुटबॉल लीग चालवताय? अवॉर्ड्स कसे द्यायचे आणि ऑफसीझनला टीम कशी लावायची

आधी एक क्लिअर करून टाकू, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला, मेस्सीवाला नाही. आणि सिम लीग म्हणजे कंट्रोलर हातात घेऊन खेळायचं नाही, तुम्ही जनरल मॅनेजर, कोणाला घ्यायचं कोणाला सोडायचं कोणाला किती पैसे द्यायचे एवढंच तुमच्या हातात, मॅच कॉम्प्युटर खेळतो. मी बोलतोय ते मुख्यतः फुटबॉल जीएम या गेमबद्दल, ब्राउझरमध्ये चालतो, फुकट आहे, खेळाडू सगळे काल्पनिक असतात. मॅडन या दुसऱ्या फुटबॉल गेमच्या फ्रँचाइज मोडमध्ये सिम करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त बटणं वेगळी.

फुटबॉल जीएममध्ये मित्रांसोबत ऑनलाइन खेळायची सोय गेममध्येच अशी नाही. त्यामुळे लोक काय करतात, एक जण कमिशनर होतो, लीगची फाइल त्याच्या लॅपटॉपवर, बाकीचे आपापल्या टीमचे निर्णय त्याला पाठवतात, तो मल्टी टीम मोडमध्ये जाऊन ते टाकतो, सिम करतो आणि फाइल एक्सपोर्ट करून ग्रुपवर टाकतो. ऐकायला किचकट वाटतं पण एकदा सवय झाली की मस्त चालतं. प्रॉब्लेम येतो तो सीझन संपल्यावर. अवॉर्डवरून भांडणं, मग ज्याला अवॉर्ड मिळालं त्याला डोळे झाकून मोठा करार, आणि पुढच्या वर्षी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) फुल. म्हणून मी या दोन गोष्टी एकत्रच सांगतोय. अवॉर्ड हा झालेल्या वर्षाचा हिशोब असतो आणि पगार तुम्ही येणाऱ्या वर्षांसाठी देता, सगळ्या ऑफसीझनमध्ये एवढं एक डोक्यात ठेवलं तरी निम्मी लीग तुमच्या मागे राहते.

मतदान प्लेऑफच्या आधी

गेम स्वतःचे अवॉर्ड आपोआप देतो, एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू), डिफेन्सवाला, रुकी (पहिल्याच वर्षाचा खेळाडू), ऑल लीग टीम (लीगमधल्या बेस्ट खेळाडूंची टीम) वगैरे. एकट्याने खेळत असाल तर तेच पुरेत. पण माणसांची लीग असेल तर स्वतः मतदान घ्या, मजा त्यातच आहे, आणि ते रेग्युलर सीझनची शेवटची मॅच झाली की लगेच घ्या, प्लेऑफ सुरू व्हायच्या आत. एनएफएलमध्येही (अमेरिकेतली खरी फुटबॉल लीग) असंच आहे, एपी या वृत्तसंस्थेचे 50 मतदार प्लेऑफच्या आधीच मतं देऊन मोकळे होतात, निकाल मात्र सुपर बोल म्हणजे फायनलच्या आठवड्यात जाहीर होतो. तुम्ही प्लेऑफनंतर मत घेतलंत तर जो चॅम्पियन झाला त्याच्याच क्वार्टरबॅकला (बॉल फेकणारा, टीमचं आक्रमण चालवणारा) सगळे मत देणार, मग सतरा मॅचचा अर्थ काय राहिला.

मत एकाच नावाला घेऊ नका, पाच नावं क्रमाने मागा. 2022 च्या सीझनपासून एपीने एमव्हीपीसाठी हेच सुरू केलं, पहिल्याला 10, मग 5, 3, 2, 1. बाकीच्या अवॉर्डना तीन नावं आणि 5, 3, 1. याने किती फरक पडतो बघा. 2023 सीझनच्या कमबॅक अवॉर्डला डामार हॅमलिनला पहिल्या क्रमांकाची 21 मतं होती आणि जो फ्लॅकोला 13, तरी अवॉर्ड फ्लॅकोला गेलं, 151 विरुद्ध 140 पॉइंटने, कारण बाकी बऱ्याच जणांनी फ्लॅकोला दुसऱ्या नंबरवर टाकलं होतं. यावर तिकडे खूप बोंबाबोंब झाली, कारण हॅमलिन मैदानावर हृदय बंद पडून परत आला होता आणि फ्लॅको नुसता घरी बसलेला होता. पुढच्या वर्षी एपीने निकष स्पष्ट केला की आजारपण, दुखापत अशा गोष्टीतून परत आलेल्याचा विचार आधी करा. तुमच्या लीगमध्ये हे आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ कमबॅकसाठी आदल्या सीझनला निम्म्याहून जास्त मॅच दुखापतीमुळे बाहेर असला पायजे. एका ओळीचा नियम, पण महिनाभराची वादावादी वाचते.

स्वतःच्या टीमच्या खेळाडूला पहिलं मत द्यायचं नाही हा नियम पण ठेवाच. लोक म्हणतात मग माझा खेळाडू खरंच बेस्ट असेल तर? तर बाकीचे देतील की मत. दहा जणांच्या लीगमध्ये एकाच्या मताने अन्याय होत नाही.

आता एमव्हीपीचा जुना रोग, तो क्वार्टरबॅकलाच जातो. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक सोडून शेवटचा एमव्हीपी 2012 चा एड्रियन पीटरसन, 2097 यार्ड धावला होता. 2020 ला डेरिक हेन्री 2027 यार्ड धावला, त्याला ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयरवर (आक्रमणातला वर्षाचा बेस्ट खेळाडू) समाधान मानावं लागलं. 2021 ला कूपर कपने 1947 यार्डचे कॅच घेतले, त्यालाही तेच. यात चूक काही नाही, क्वार्टरबॅकचा परिणाम खरंच जास्त असतो आणि फुटबॉल जीएमच्या टीम रेटिंगमध्ये पण सगळ्यात जास्त वजन त्याच पोझिशनला आहे. फक्त ऑफेन्सिव्ह प्लेयरचं अवॉर्ड वेगळं ठेवा आणि ग्रुपमध्ये ठरवून टाका की ते शक्यतो क्वार्टरबॅकला द्यायचं नाही. आणि निकाल विचित्र लागला तर घाबरू नका, 2024 ला त्याच 50 जणांनी ऑल प्रो म्हणजे वर्षातल्या बेस्ट खेळाडूंच्या टीमचा पहिला क्वार्टरबॅक म्हणून लमार जॅक्सनला निवडलं आणि एमव्हीपी दिलं जॉश ॲलनला! खऱ्या जगात हे चालतं तर तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर का नाही चालणार.

आकडे बघताना एका आकड्याच्या मागे लागू नका. डिफेन्सला सगळे सॅक (क्वार्टरबॅकने बॉल फेकायच्या आत त्याला पाडणं) मोजत बसतात. 2023 ला टी. जे. वॉटचे 19 सॅक होते, माइल्स गॅरेटचे 14, अवॉर्ड गॅरेटला मिळालं, आणि वॉटच्या टीमचे पिट्सबर्गवाले अजून चिडलेले आहेत. ऑफेन्सिव्ह लाइनच्या (क्वार्टरबॅकसमोर उभं राहून त्याला वाचवणाऱ्या) बिचाऱ्यांना तर आकडेच नसतात फारसे. फुटबॉल जीएममध्ये एव्ही नावाचा आकडा मिळतो, ॲप्रॉक्सिमेट व्हॅल्यू, तो लाइनवाल्यांनाही लागू होतो, मतदानाच्या फॉर्मसोबत त्याचा टॉप वीसचा स्क्रीनशॉट जोडून द्या. नैतर तुमच्या ऑल लीग टीममध्ये लाइनला कोण हे कोणालाच सांगता येत नाही, लोक आपल्याच टीमची नावं ढकलतात.

अवॉर्ड मिळाल्यावर लगेच चेकबुक काढू नका

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. दोन रनिंग बॅकची (बॉल घेऊन धावणाऱ्यांची) गोष्ट सांगतो, दोन्ही खऱ्या. टॉड गर्ली, रॅम्सचा, 2017 ला ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. 2018 च्या जुलैत रॅम्सने त्याला चार वर्षांचा 60 मिलियन डॉलरचा करार दिला, त्यातले 45 गॅरंटीड. गुडघ्याने दगा दिला आणि मार्च 2020 मध्ये त्याला सोडून दिलं. आता दुसरा, सेकॉन बार्कली. मार्च 2024 मध्ये जायंट्सने त्याला जाऊ दिलं, ईगल्सने तीन वर्षांसाठी 37.75 मिलियनला घेतलं. त्याच सीझनला तो 2005 यार्ड धावला, ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर झाला आणि ईगल्स सुपर बोल जिंकले.

रनिंग बॅकला पैसेच देऊ नका असं मी म्हणत नाहीये. ईगल्सने अवॉर्डच्या आधी घेतला, रॅम्सने अवॉर्डच्या नंतर पैसे दिले, फरक तो आहे. माणसांच्या लीगमध्ये तर हे अजून जोरात लागू पडतं, कारण ट्रॉफीचं चित्र नावासमोर दिसलं की लोकांचा तोल जातो. त्यामुळे तुमच्याकडे 27-28 चा अवॉर्डवाला रनिंग बॅक असेल आणि त्याच्या करारात अजून एक-दोन वर्षं असतील, तर तीच विकायची वेळ आहे. करार याच वर्षी संपत असेल तर मात्र लक्ष द्या, फुटबॉल जीएममध्ये प्लेऑफ संपले की करार संपणारा खेळाडू ट्रेडच होत नाही. म्हंजे त्याचा विचार सीझन चालू असतानाच करायला लागतो, नंतर वरातीमागून घोडं.

याच्या जोडीला गेममधली एक गोष्ट नीट समजून घ्या, नवीन लोकांना हमखास कळत नाही. खेळाडूंची रेटिंग बदलतात ती प्रीसीझन सुरू झाल्यावर, आणि करार तुम्ही करता त्याच्या आधी. म्हणजे फ्री एजन्सीत (करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार) तुम्हाला दिसतंय ते रेटिंग जुनं आहे, पैसे तुम्ही न दिसणाऱ्या रेटिंगला देताय. 24 चा मुलगा असेल तर बहुतेक वेळा रेटिंग वर जातं, 29 च्या रनिंग बॅकचं धाडकन खाली येतं. म्हणून वयाचा कॉलम रेटिंगच्या शेजारीच ठेवा. पोझिशनप्रमाणे वय वेगळं मोजायचं हेही ओघाने आलंच. रनिंग बॅक सगळ्यात आधी संपतो, रिसीव्हर (बॉल झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (त्याला अडवणारा) तिशीच्या आसपास, लाइनवाले तिशी ओलांडून टिकतात, क्वार्टरबॅक पस्तिशीपर्यंत आरामात, आणि किकरला तर वयच नसतं, खऱ्या एनएफएलमध्ये ॲडम विनाटिएरी 46 व्या वर्षी किक मारत होता. पंचविशीच्या किकरसाठी जास्त पैसे देणारे लोक बघितलेत मी, कशाला? 38 चा तेवढाच चालतो, आणि स्वस्तात.

शीट बनवा, आणि दोन वर्षांचं बनवा

फायनल संपल्याबरोबर पहिलं काम, फाइल एक्सपोर्ट करून कॉपी ठेवा. मग गुगल शीट उघडा. नाव, पोझिशन, वय, रेटिंग, पोटेन्शियल, पगार, करार कधी संपतो, आणि शेवटी निर्णय: ठेवा, विका, सोडा. पगाराचे कॉलम मात्र दोन ठेवा, या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा. बहुतेक जण फक्त या वर्षीचं बघतात आणि पुढच्या वर्षी तीन स्टार एकदम करार मागायला आले की तोंडचं पाणी पळतं.

गणित करून दाखवतो. समजा कॅप 200 मिलियन आहे, हार्ड कॅप. तुमच्याकडे पुढच्या वर्षाचा करार असलेले 38 खेळाडू, त्यांचे मिळून 168. राहिले 32. खूप वाटतात ना? पण रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) 53 चा आहे, अजून 15 जागा भरायच्यात. ड्राफ्टचे (नव्या पोरांच्या निवडीतून आलेले) सात जण, सगळ्यांचे मिळून समजा 5 मिलियन. उरलेल्या 8 जागांना अगदी किमान पगार अर्धा मिलियन धरला तरी 4. म्हणजे 9 गेले, हातात 23. आता तुमच्याकडे दोन जण करार मागतायत, 25 वर्षांचा लेफ्ट टॅकल (ऑफेन्सिव्ह लाइनमधला), अवॉर्ड काही नाही, 14 मागतोय, आणि 27 चा रनिंग बॅक, ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, 12 मागतोय. दोन्ही मिळून 26, बसत नाही. टॅकल घेतला तर 9 राहतात, त्यातले 4 सीझनमधल्या दुखापतींसाठी बाजूला, 5 मध्ये एक बरा रनिंग बॅक येतो. (घेतलेला माणूस त्या आठातलीच जागा अडवतो, म्हणून अर्धा मिलियन इकडेतिकडे होईल, तेवढं सोडा.) उलट रनिंग बॅक घेतला तर 11 राहतात, आणि 11 मध्ये चांगला लेफ्ट टॅकल बाजारात मिळत नाही, मिळाला तर तो 31 चा असतो. कागदावर मांडलं की उत्तर स्वच्छ दिसतं, ग्रुपवर चर्चा करून दिसत नाही.

लीग बनवताना कॅप हार्ड आहे की सॉफ्ट हे सेटिंग असतं, ते आधी बघा. सॉफ्ट असेल तर स्वतःच्या खेळाडूला कॅपच्या वर जाऊनही ठेवता येतं, मग वरचं गणित जरा सैल होतं.

आणि सोडणं फुकट नसतं. फुटबॉल जीएममध्ये सोडलेल्या खेळाडूचा पगार करार संपेपर्यंत तुमच्याच नावावर राहतो. एनएफएलमध्ये पद्धत वेगळी आहे पण फटका तसाच, डेन्व्हरने 2024 मध्ये रसेल विल्सनला सोडलं तेव्हा 85 मिलियन डेड मनी (खेळाडू गेला तरी कॅपवर बसणारा पैसा) अंगावर आलं, ते दोन वर्षांत वाटून घ्यायला लागलं. म्हणून तिशीच्या पुढच्याला एक वर्ष, फार तर दोन. तो पगार कमी करून जास्त वर्षं मागत असेल तर हात आखडता घ्या, त्याला स्वतःचं वय माहीत आहे. तरण्याला मात्र जितकी लांब मिळतील तितकी वर्षं.

क्रम बघा, ड्राफ्ट आधी की फ्री एजन्सी आधी

एनएफएलमध्ये मार्चमध्ये फ्री एजन्सी आणि एप्रिलमध्ये ड्राफ्ट. फुटबॉल जीएममध्ये उलटं, आधी ड्राफ्ट, मग स्वतःच्या खेळाडूंचे करार, मग 30 दिवसांची फ्री एजन्सी. एनएफएलचे लेख वाचून आलेले लोक इथे गडबडतात. एनएफएलमध्ये भोकं आधी बुजवतात आणि मग ड्राफ्टला सगळ्यात चांगला जो असेल तो घेतात. इथे तुम्ही ड्राफ्टला जाताना भोकं तशीच असतात, पण फायदा असा की ड्राफ्टला काय मिळालं ते बघून मग जुन्याला ठेवायचं की नाही ठरवता येतं. तुमच्या नंबरला अचानक चांगला क्वार्टरबॅक घसरत आला तर 34 च्या क्वार्टरबॅकला जाऊ देता येतं. म्हणून ड्राफ्टच्या आधी कोणालाही "तुला ठेवतोच" असं मनातल्या मनात ठरवून टाकू नका. ड्राफ्टमधल्या पोरांची रेटिंग थोडी धूसर असतात, 45 दाखवतंय म्हणजे 45 च असेल असं नाही, त्यामुळे एक-दोन पॉइंटच्या फरकासाठी पिक (निवडीचा नंबर) वर सरकवायला उगाच किंमत मोजू नका.

पिकची अदलाबदल करताना काहीतरी तक्ता समोर असू द्या, नाहीतर नवीन माणसाच्या गळ्यात काहीही मारलं जातं आणि तो लीग सोडून जातो. जिमी जॉन्सन या कोचच्या नावाने ओळखला जाणारा डॅलस काउबॉइजचा 90 च्या दशकातला तक्ता जुना असला तरी सुरुवातीला पुरतो. पहिल्या पिकला 3000 पॉइंट, दुसऱ्याला 2600, दहाव्याला 1300, सोळाव्याला 1000, बत्तिसाव्याला 590. म्हणजे कोणी सोळावं पिक आणि बत्तिसावं पिक देऊन पहिलं मागत असेल तर तो तुम्हाला वेड्यात काढतोय, 1590 मध्ये 3000 चा माल. अलीकडचे अभ्यासू लोक म्हणतात की हा तक्ता वरच्या पिकना जास्तच भाव देतो, ते मलाही पटतं, पण आधी सगळ्यांनी एकच तक्ता वापरणं जास्त गरजेचं.

स्वतःच्या खेळाडूंशी करार करताना नावापुढची छोटी अक्षरं बघा, कोणाला पैसा महत्त्वाचा, कोणाला प्रसिद्धी, कोणाला जिंकणं, कोण निष्ठावान. जिंकण्याचा भुकेला खेळाडू पडलेल्या टीमकडे ढुंकून बघत नाही, मग कॅप कितीही मोकळी असू दे. पैशावाला मात्र कुठेही येतो, नव्याने टीम घेतली असेल तर असेच लोक शोधा.

फ्री एजन्सीत घाई करू नका. तीस दिवस एकदम सिम करू नका आणि पहिल्याच दिवशी सगळी खरेदीही करू नका, कारण दिवस जातील तशा मागण्या खाली येतात. कमिशनरने थोडे थोडे दिवस पुढे सरकवायचे, प्रत्येक टप्प्याला सगळ्यांकडून यादी घ्यायची. एकाच खेळाडूवर दोघांचा डोळा असेल तर बोली बंद लिफाफ्यासारखी तिसऱ्या माणसाकडे पाठवायची, कमिशनरकडे नाही, त्याची पण टीम असते ना. आणि कमिशनरने स्वतःची यादी सगळ्यांच्या आधी टाकायची, याला सूट नाही.

वेळ ठरवताना तिकडचे मित्र असतील तर भारतीय वेळ आणि न्यूयॉर्कची वेळ दोन्ही लिहा. रविवारी रात्री 9 चा डेडलाइन म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे 11:30, हिवाळ्यात 10:30, कॅलिफोर्नियावाला नुकता उठलेला असतो, कोणाचीच झोप जात नाही. एनएफएलची हुबेहूब नक्कल करायला जाऊ नका, त्यांचं नवीन वर्ष मार्चमध्ये दुपारी 4 ला सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दीड.

प्रीसीझनचं बटण दाबायच्या आधी परत एक एक्सपोर्ट. मग रेटिंग बदलली की सगळ्यांना एक दिवस द्या, कारण आत्ताच कळतं कोणाचा रनिंग बॅक कोसळला आणि कोणाचा पाचव्या राउंडवाला अचानक उगवला, आणि तुम्ही बाजूला ठेवलेले ते 4 मिलियन इथे कामाला येतात, बाजारात अजून दोन-चार बरे लोक किमान पगारावर बसलेले असतात. रोस्टर 53 वर आणा, डेप्थ चार्ट (प्रत्येक जागी कोण आधी खेळणार तो क्रम) ऑटोवर आहे की हाताने लावलेला आहे ते बघा, हाताने लावला असेल तर गेल्या वर्षीचा म्हातारा कॉर्नरबॅक अजून पहिल्याच नंबरवर बसलेला असतो.